काटे सहा, चमचे सहा

माणसं भाडं बुडवतात, एजंट म्हणाला,
कंपनी बुडवत नाही.
तेल उतरलं की कंपनीही बुडते
हे अबर्डीनमध्ये शेंबडं पोरही जाणतं,
पण मी मान हलवली.
छताच्या दुरुस्तीचा आकडा
पर्समध्ये घडी घालून ठेवला होता.

करारावर भाडेकरूच्या जागी
एक लांबलचक नाव, शेवटी लिमिटेड.
त्याला पाय नव्हते, म्हणजे जिन्यावर धपधप नाही.
तोंड नव्हतं, म्हणजे पाणी गरम येत नाही अशी कुरकुर नाही.
खाली मी सही केली: इशबेल डथी, घरमालकीण.
पस्तीस वर्षं त्या घरात राहिले,
मालकीण त्या दिवशी झाले.

मग यादी.
एजंटकडची पोर, कर्स्टी, टॅबलेट घेऊन
खोल्याखोल्यांतून फिरली.
काटे सहा. चमचे सहा.
सुऱ्या सहा, एकीची मूठ सैल.
हिरवे पडदे काढा म्हणाली, करडे लावा,
करडं कुणालाही चालतं.
लॅक्लनची खुर्ची यादीत बसेना,
हात फार झिजलेत तिचे.
ती मी बहिणीच्या गॅरेजात नेऊन ठेवली,
जागा कमी, म्हणून भिंतीकडे तोंड करून,
शाळेत शिक्षा केल्यासारखी.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर फर्गसच्या उंचीच्या रेघा:
चार वर्षं. सहा. साडेसहा,
ती अर्ध्या वर्षाची रेघ निव्वळ त्याच्या हट्टाची.
आता तो पर्थला असतो. इथल्या नव्हे,
ऑस्ट्रेलियातल्या.
रंगारी म्हणाला, एका हातात झाकून जाईल.
उद्या या, म्हटलं मी.
उद्याचे पैसे त्याला दिले नाहीत.

पहिला राहिला तीन महिने, दुसरा सहा आठवडे.
कराराप्रमाणे मालकाने दार वाजवायचं नाही,
चोवीस तास आधी लेखी कळवायचं.
मला ते कळायचे विजेच्या बिलावरून,
चुकीच्या डब्यात टाकलेल्या बाटल्यांवरून,
आणि शेजारच्या वेल्माकडून.
हा नवा रात्री दोनला दिवा लावतो,
कांदा परततो गं, वास माझ्या पलंगापर्यंत येतो.
कधी मी मुद्दाम त्या रस्त्याने गाडी न्यायची.
समुद्रावरून धुकं आलेलं,
ग्रॅनाइट ओला होऊन काळवंडलेला,
आणि वेग कमी न करता
आपल्याच खिडकीत डोकावायचं
म्हणजे मान लचकते.

फेब्रुवारीत तेल उतरलं.
एका ओळीचं पत्र: अठ्ठावीस दिवस.

कर्स्टी पुन्हा टॅबलेट घेऊन.
काटे सहा. चमचे पाच.
बाकी घर असं लख्ख की जणू
कुणी राहिलंच नव्हतं.
फक्त चौकटीवर, चार आणि सहाच्या मध्ये,
निळ्या पेनाची नवी रेघ.
शेजारी बारीक अक्षर:
आयसेल, बाकू, ११ जानेवारी.

मूल कधी आलंच नव्हतं या घरात.
वेल्माला विचारलं.
हो, एल्चिन, इंजिनिअर, म्हणाली,
एकदा माझी टेप मागायला आला होता.
टेप दाखवायला मीच गेले त्याच्या मागून.
फोन खांद्याला लावून गुडघ्यांवर बसलेला,
पलीकडून एक बाई आकडे सांगत होती
आणि कुणीतरी हसत होतं, हलत असणार,
कारण त्याला तीनदा पुसावं लागलं.

मी बोट ठेवून पाहिलं.
पुसलेल्या दोन रेघा अजून होत्या,
एक जरा वर, एक जरा खाली.

भिंतींवर खुणा, कर्स्टीने विचारलं,
अनामतीतून कापायचे ना?
जुनी आहे, म्हटलं. आधीपासूनची.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग तारखेकडे,
मग पुढची ओळ उघडली.

आणि चमचा?

चमच्याचे कापा, म्हटलं मी.
पैसे कंपनीचेच आहेत.